आधी घड्याळजी, मग घड्याळ : जुना क्रोनोग्राफ घेणाऱ्या नवख्यासाठी

लोकलमध्ये समोर बसलेल्या माणसाची नजर माझ्या मनगटावर आली की पुढचा प्रश्न मला पाठ असतो. "ही बाजूची दोन बटणं कशाला हो?" मी काही बोलत नाही, वरचं बटण दाबतो. टक्. इतका वेळ बारावर गप्प उभा असलेला लांब काटा चालायला लागतो. पुन्हा दाबलं की थांबतो. खालचं दाबलं की डोळ्याचं पातं लवायच्या आत परत बारावर. सेल नाही, चिप नाही. पन्नास वर्षांपूर्वी कुणीतरी हाताने बसवलेली चाकं, तरफा आणि केसाएवढ्या बारीक स्प्रिंगा, बस. हे बघून ज्यांना असलं एखादं घड्याळ आपल्याकडे असावंसं वाटतं, त्यांच्यासाठी हे लिहितोय. मी स्वतः पहिली दोन घड्याळं चुकीची घेतली. तिसऱ्यापासून जरा अक्कल आली.

सुरुवात शब्दांपासून

क्रोनोग्राफ आणि क्रोनोमीटर यात सगळेच घोळ घालतात, विकणारेसुद्धा. क्रोनोमीटर म्हणजे अचूकतेच्या परीक्षेत पास झालेलं घड्याळ. क्रोनोग्राफ म्हणजे ज्यात वेळ दाखवणाऱ्या काट्यांखेरीज वेगळं स्टॉपवॉच आहे असं घड्याळ. शब्दाचा मूळ अर्थ 'वेळ लिहिणारा'. १८२१ साली पॅरिसच्या घोड्यांच्या शर्यतीत निकोला रियुसेक याने एक यंत्र वापरलं, ते फिरत्या तबकडीवर खरोखरच शाईचा ठिपका टाकत असे. ठिपके गेले, नाव राहिलं.

तबकडीवर साधारण तीन गोष्टी दिसतील. मधला लांब सेकंदकाटा हा स्टॉपवॉचचा, नेहमीच्या वेळेचा नव्हे. नेहमीचे सेकंद एका छोट्या तबकडीत चालतात. दुसऱ्या छोट्या तबकडीत स्टॉपवॉचची मिनिटं मोजली जातात, बहुतेक वेळा ३० पर्यंत. काहींत तासांची तिसरी तबकडीही असते. "लांब काटा बंद पडलाय" म्हणून लोक चांगलं घड्याळ दुरुस्तीला टाकतात, ते याच अज्ञानापोटी.

पहिली पायरी : घड्याळजी शोधा

घड्याळ नंतर. साधं चावीचं घड्याळ दुरुस्त करणारी माणसं अजून गल्लोगल्ली सापडतात, पण क्रोनोग्राफ उघडून पुन्हा नीट जुळवणारा माणूस शंभरात एखादा. साध्या घड्याळाच्या मशीनवर इथे आणखी एक मजला चढवलेला असतो आणि दोन्ही मजल्यांचा मेळ काही स्क्रूंच्या अर्ध्या-पाव फेरीवर असतो. ज्याने हे कधी केलं नाही, तो तुमच्या घड्याळावर शिकणार. फी तुम्ही भरणार.

मला माझे घड्याळजी दादरच्या एका गल्लीत सापडले. दुकान म्हणजे जिन्याखालची जागा, दोन माणसं उभी राहिली तर तिसऱ्याने बाहेर थांबायचं. पहिल्या दिवशी मी त्यांना विचारलं, "काका, क्रोनोग्राफ करता का?" त्यांनी डोळ्याचं भिंग न काढताच विचारलं, "कुठलं मशीन?" मी कंपनीचं नाव सांगितलं. "ते तबकडीवरचं नाव झालं. मशीन कुठलं?" मला सांगता आलं नाही. त्यांनी भिंग काढलं, माझ्याकडे नीट बघितलं आणि म्हणाले, "आधी ते बघून या."

तेव्हा राग आला होता. आता वाटतं, घड्याळजी पारखायचा असेल तर हाच प्रश्न पुरेसा आहे. जो मशीनचा नंबर विचारतो, तो कामाचा. आणखी दोन गोष्टी विचारा. धुणार कसं? पार्ट सुटे करून की अख्खं मशीन पेट्रोलमध्ये बुडवून? दुसरं उत्तर आलं तर नमस्कार करून निघा. आणि वेळ किती लागेल? "उद्या संध्याकाळी घेऊन जा" म्हणणाऱ्याकडे क्रोनोग्राफ देऊ नका. माझ्या काकांना तीन आठवडे लागतात, गणपतीत पाच.

दुसरी पायरी : मशीन निवडा

काकांच्या त्या प्रश्नामागे इतिहास आहे. स्वित्झर्लंडमध्ये बहुतेक घड्याळकंपन्या क्रोनोग्राफचं मशीन स्वतः बनवतच नसत. व्हालजू, व्हीनस, लँडेरॉन, लेमानिया अशा मोजक्या कारखान्यांतून ते घ्यायचं, आपली तबकडी आणि केस (बाहेरचं धातूचं कवच) चढवायची आणि आपल्या नावाने विकायचं. त्यामुळे तबकडीवर तुम्ही कधी न ऐकलेलं नाव असलं, तरी आत नामांकित घड्याळात असतं तेच मशीन असू शकतं. नवख्याला खरा फायदा इथेच आहे. नावाचे पैसे वाचतात.

पहिल्या घड्याळासाठी मी तीन-चार रस्ते सुचवीन.

सेइको ६१३९. माझं आवडतं, म्हणून जरा जास्त बोलतो. १९६९ हे या घड्याळांच्या दुनियेतलं धामधुमीचं साल. तोवर क्रोनोग्राफला रोज चावी द्यावी लागे. हात हलला की आपोआप चावी भरणारा, म्हणजे ऑटोमॅटिक क्रोनोग्राफ आधी कोण आणतो याची शर्यत लागली होती. जानेवारीत झेनिथने 'एल प्रिमेरो' जाहीर केलं, मार्चमध्ये हॉयर, ब्राइटलिंग आणि त्यांच्या साथीदारांनी आपलं मशीन दाखवलं आणि मे महिन्यात सेइकोचं ६१३९ जपानच्या दुकानांत विकायलाही आलं. पहिलं कोण, यावर शौकीन आजही हमरीतुमरीवर येतात. गंमत अशी की त्याच वर्षीच्या नाताळच्या दिवशी सेइकोनेच सेलवर चालणारं क्वार्ट्झचं मनगटी घड्याळ बाजारात आणलं आणि या सगळ्या शर्यतीतली हवाच काढून घेतली. पुढच्या दहा-बारा वर्षांत स्वित्झर्लंडमधले कित्येक कारखाने बसले.

६१३९ लाखांनी बनलं, म्हणून अजून मिळतं आणि पार्टही मिळतात. १९७३ मध्ये स्कायलॅब या अमेरिकी अंतराळस्थानकावर ८४ दिवसांसाठी गेलेल्या विल्यम पोग या अंतराळवीराच्या हातात पिवळ्या तबकडीचं ६१३९ होतं, त्यामुळे ते मॉडेल 'पोग' म्हणूनच ओळखलं जातं आणि त्याचा भावही चढा असतो. निळं किंवा पांढरं घ्या, आत तेच आहे. कोकणात दुबई-कुवेतहून परतलेल्या मामा-काकांच्या कपाटांत अशी घड्याळं अजून निघतात. आधी घरच्या कपाटात बघा, मग बाजारात.

त्याच्या सवयी माहीत हव्यात. चावी फिरवून ते भरत नाही, हलवावंच लागतं. चावी अलगद दाबली की तारीख पुढे जाते, पूर्ण दाबली की वार. नेहमीचा सेकंदकाटाच नाही, त्यामुळे घड्याळ चालू आहे की बंद हे कळायला लोक स्टॉपवॉच चालूच ठेवतात. याचा क्लच, म्हणजे स्टॉपवॉचला मशीनशी जोडणारा-सोडवणारा भाग, उभ्या जातीचा असल्याने त्यात फारसं नुकसानही नाही. मागच्या झाकणावरचा नंबर वाचायला शिका : पहिला आकडा वर्षाचा शेवटचा अंक, दुसरा महिना. ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबरला आकड्याऐवजी त्या महिन्याचं इंग्रजी आद्याक्षर. म्हणजे ३ नंतर एन असेल तर नोव्हेंबर १९७३.

दुसरा रस्ता चावीच्या स्विस घड्याळांचा. व्हालजू ७७३३ आणि तारीख असलेलं ७७३४ ही साठीच्या अखेरीची आणि सत्तरीतली दणकट मशीनं. घराणं व्हीनसचं, तो कारखाना व्हालजूत विलीन झाल्यावर हे नाव लागलं. सोपी, सरळ, बहुतेक जाणत्या घड्याळजींना ओळखीची. लँडेरॉन ४८ त्याहून जुनं आणि स्वस्त, पण त्याची बटणं उलट्या डोक्याची. वरचं बटण फक्त सुरू करतं. थांबवायचं खालच्याने आणि शून्यावर आणायचंही खालच्यानेच. माझ्या एका मित्राने पुण्याच्या जुन्या बाजारात असलं एक घड्याळ अगदी किरकोळ पैशात उचललं, कारण विकणाराच सांगत होता, "साहेब, चालू होतंय, पण वरच्या बटणाने बंद होत नाही, बिघडलंय." मित्राने तोंड शक्य तितकं दुःखी ठेवलं आणि पैसे दिले.

तिसरा रस्ता रशियाचा. मॉस्कोच्या कारखान्याने व्हालजू ७७३४ ची यंत्रसामग्री विकत घेतली, त्यात सुधारणा केल्या आणि पोल्योत ३१३३ काढलं. सोव्हिएत वैमानिकांसाठी आणि नौदलासाठीही ते बनलं. मात्र यात जोडतोड केलेला माल फार. 'नौदलाचं अस्सल' असं कुणी सांगितलं की मी आधी हसतो, मग भिंग काढतो.

आणि जुन्याच्या भानगडीत एवढ्यात पडायचं नसेल तर चीनचं सीगल एसटी१९ हे नवं मशीन असलेलं घड्याळ घ्या. साठीच्या सुरुवातीला चीनने आपल्या हवाई दलासाठी क्रोनोग्राफ बनवायला घेतला, तेव्हा व्हीनस १७५ ची यंत्रं स्वित्झर्लंडहून आणली होती. हे त्याच मशीनचं नातवंड. काचेच्या पाठीतून चाकं दिसतात. शिकायला उत्तम.

ओमेगा स्पीडमास्टरचं काय? १९६५ मध्ये नासाने पास केलेलं, चंद्रावर गेलेलं घड्याळ, मलाही हवंच आहे. पण पहिलं घड्याळ म्हणून नको. त्याच्या प्रत्येक पार्टला स्वतंत्र भाव आहे, आणि जिथे भाव आहे तिथे नकली पार्ट आहेत. २०१७ मध्ये न्यू यॉर्कच्या लिलावात हॉलिवूडचा नट पॉल न्यूमन याचं स्वतःचं क्रोनोग्राफ, रोलेक्स डेटोना, पावणेदोन कोटी डॉलरच्या वर गेलं. तेव्हापासून जुना क्रोनोग्राफ म्हटलं की घरातल्या माळ्यावर खजिना आहे असं प्रत्येकाला वाटायला लागलंय. गुंतवणूक म्हणून घेणार असाल तर हा लेख इथेच सोडा, म्युच्युअल फंडाकडे वळा.

तिसरी पायरी : तबकडी बघा, मग पुन्हा तबकडी बघा

काकांचं एक वाक्य माझ्या कानात बसलंय : "मशीन मी उभं करीन. तबकडी मी कुठून आणू?" मशीनचे पार्ट दुसऱ्या मेलेल्या घड्याळातून काढता येतात, काच नवी येते, पट्टा नवा येतो. तबकडी एकदा गेली की गेली.

इथे आपल्या घरचा विषय येतो. जगभरचे घड्याळशौकीन पुन्हा रंगवलेल्या तबकड्यांच्या एका प्रकाराला 'मुंबई स्पेशल' म्हणतात. नाव कौतुकाने दिलेलं नाही. एचएमटी, फेव्हर ल्यूबा, वेस्ट एंड, सेइको फाइव्ह यांच्या जुन्या तबकड्या खरवडून, भडक रंग देऊन, वर नाव छापून ही घड्याळं इथून ढिगाने बाहेर जातात. मला यात दोन्ही बाजू दिसतात. आपल्याकडे परदेशी घड्याळ आणणं मुश्कील होतं, सुटे भाग तर दूरच. तेव्हा ओल आणि घामाने काळी पडलेली तबकडी रंगवून देणारा कारागीर गिऱ्हाइकाची अडचण दूर करत होता, फसवत नव्हता. बापाचं घड्याळ मुलाच्या लग्नात चमकलं पाहिजे, एवढाच हेतू. फसवणूक सुरू होते ती तेच घड्याळ 'ओरिजिनल, अनटच्ड' म्हणून विकलं जातं तेव्हा.

मी असाच फसलो. माझं पहिलं ६१३९ ऑनलाइन घेतलं, फोटोत तबकडी लखलखत होती. घरी येऊन भिंगाखाली धरलं तर मिनिटांच्या साठ रेघांपैकी काही जाड, काही बारीक. एक रेघ तर सरळ तासाच्या खुणेत घुसलेली. तारखेच्या खिडकीच्या कडेला रंगाचा थर साचलेला, भिंतीला तेलरंग देताना स्विचबोर्डाशी साचतो तसा. विकणाऱ्याने फोन उचलणं बंद केलं. ते घड्याळ मी अजून ठेवलंय, नवख्यांना दाखवायला.

तर बघायचं काय? अक्षरं : कारखान्यातलं छपाईकाम भिंगाखालीही धारदार असतं, रंगवलेलं फुगतं किंवा पसरतं. छोट्या तबकड्यांचा खळगा : मूळ तबकडीत त्यांत बारीक गोल रेघा असतात, जाड रंग त्या भरून टाकतो. सगळीकडे सारखाच नवेपणा हीसुद्धा वाईट खूण. पन्नास वर्षांच्या तबकडीला कडेला थोडी झाक, एखादा ठिपका असायचाच, आणि खरं सांगायचं तर तोच देखणा दिसतो. त्याच मॉडेलचे वीस-पंचवीस फोटो आधी बघून ठेवा. काटे त्याच जातीचे आहेत का, लांबी बरोबर आहे का, हे मग नजरच सांगते.

अंधारात चमकणाऱ्या रंगाबद्दल नीट वाचा, कारण इथे तब्येतीचा प्रश्न आहे. साठच्या दशकाच्या सुरुवातीपर्यंतच्या बऱ्याच घड्याळांत रेडियम वापरत. त्याची चमक मरते, किरणोत्सर्ग मरत नाही. निम्मं व्हायला सोळाशे वर्षं लागतात. असं घड्याळ स्वतः उघडू नका, तो रंग खरवडू तर मुळीच नका, धूळ श्वासात जाते. पुढे ट्रिटियम आलं, ते त्या मानाने सौम्य. स्विस घड्याळाच्या तबकडीवर सहाच्या खाली 'स्विस' शब्दाच्या शेजारी 'टी' हे अक्षर असतं, ते याचंच. ट्रिटियम दर १२.३ वर्षांनी निम्मं होतं. म्हणजे १९७० च्या घड्याळात चार वेळा निम्मं होऊन सोळावा हिस्साही उरलेला नाही. असं घड्याळ रात्री दिव्यासारखं चमकत असेल तर रंग नंतर भरलाय.

केसच्या कडा बोटाने चाचपा. पुन:पुन्हा पॉलिश केलेली केस चोखलेल्या लिमलेटच्या गोळीसारखी गुळगुळीत होते. पट्टा जिथे अडकतो ती शिंगं दोन्ही बाजूंना सारखी जाड आहेत का बघा. काचेवरच्या ओरखड्यांची मात्र अजिबात चिंता नको. चावीच्या जुन्या घड्याळांत ती बहुधा अॅक्रिलिकची असते; पॉलिशची पेस्ट लावून मऊ फडक्याने दहा मिनिटं घासली की नवी.

चौथी पायरी : बटणं दाबून बघा, आणि घाई करू नका

विकणारा नेहमी दहा सेकंदांचा व्हिडिओ पाठवतो. काटा निघाला, थांबला, परत आला, झालं. दहा सेकंदांत काहीही कळत नाही.

स्टॉपवॉच सुरू करा आणि पस्तीस मिनिटं चालू द्या. समोर बसून चहा प्या, दुसराही प्या. मिनिटाचा काटा दर साठ सेकंदांनी एक घर पुढे जातोय का? तीसवरून पुन्हा एकवर येताना अडखळत तर नाही? स्टॉपवॉच सुरू झाल्यावर नेहमीचा छोटा सेकंदकाटा मंदावला किंवा थांबला, तर मशीनमध्ये जोर नाही. जुनं तेल वाळून चिकट झालंय.

मग शून्यावर आणा. पाच वेळा, वेगवेगळ्या जागांवरून. काटा बारावर बरोब्बर यायला हवा. यायचा कसा, तर काट्याच्या दांड्यावर पत्त्यातल्या बदामाच्या आकाराचा एक तुकडा असतो. खालचं बटण दाबलं की एक छोटा हातोडा त्यावर आदळतो, आणि बदाम कुठल्याही कोनात असला तरी घसरत खोलगट भागावर येऊन टेकतो. आता हे लक्षात ठेवा. काटा प्रत्येक वेळी तेवढाच, म्हणजे समजा एक सेकंद पुढे, थांबत असेल तर तो फक्त चुकीच्या कोनात बसवलाय. काका तो पाच मिनिटांत उपटून सरळ बसवतात. पण दर वेळी वेगळ्या जागी थांबत असेल तर काटा दांड्यावर सैल आहे किंवा दुखणं आत खोलवर आहे, हातोड्यात, बदामात किंवा क्लचमध्ये. ६१३९ मध्ये हा मधला भाग एकसंध जुळवलेला असतो, खोलून दुरुस्त होत नाही, बदलावाच लागतो. भाव पाडा, नाहीतर सोडून द्या.

बटणांचा स्पर्शही वाचता येतो. निरोगी बटण आधी थोडा विरोध करतं, मग एकदम मान्य करतं. चिखलात बोट घातल्यासारखं वाटलं तर सर्व्हिसिंग फार वर्षांत झालेलं नाही.

ऑनलाइन घेत असाल तर मशीनचा उघडा फोटो, तबकडीचा तिरप्या उजेडातला फोटो आणि पूर्ण पाच मिनिटांचा व्हिडिओ मागा. कुरकुर करणाऱ्याकडून घेऊ नका. परदेशातून मागवत असाल तर सीमाशुल्क आणि जीएसटी धरून हिशेब करा, नाहीतर स्वस्त वाटलेलं घड्याळ दारात महाग पडतं. चोर बाजारात मटन स्ट्रीटवर जाणार असाल तर जरूर जा, मजा येते, पण तिथे पहिल्या फेरीत काही घेऊ नका. आणि कुठूनही घ्या, किमतीचा निदान तिसरा हिस्सा सर्व्हिसिंगसाठी बाजूला ठेवा. "सर्व्हिस करून दिलंय" हे वाक्य मी ऐकून घेतो आणि घड्याळ काकांकडे नेतोच.

पाचवी पायरी : घाला

पेटीत ठेवायला घेतलं असेल तर तुमची मर्जी. माझ्या मते हे घड्याळ हातावरच शोभतं. पथ्यं थोडी आहेत.

पाण्याचं नाव नको. तबकडीवर '७० मीटर' लिहिलेलं असलं तरी ते १९७० मधलं वचन आहे. आतली रबरं कधीच कडक झाली. दोन बटणं आणि एक चावी, म्हणजे पाणी शिरायला तीन दारं. भांडी घासताना, अंघोळीला, रंगपंचमीला काढून ठेवा. ओल्या हाताने बटण तर दाबूच नका. मुंबईचा घाम हा पावसापेक्षाही चिवट शत्रू आहे. संध्याकाळी घरी आलं की मागचं झाकण कोरड्या फडक्याने पुसायचं. जून ते सप्टेंबर मी चावीची घड्याळं डब्यात ठेवतो, बुटांच्या खोक्यात येतात त्या सिलिका जेलच्या पुड्यांसकट.

चावीचं असेल तर रोज सकाळी ठरलेल्या वेळी द्या, साधारण पंचवीस-तीस फेऱ्या, हातातून काढून. विरोध जाणवला की थांबा. हातात असताना चावी दिली की दांड्यावर तिरपा दाब येतो. तारीख रात्री नऊ ते पहाटे तीन या वेळात बदलू नका. तेव्हा आतली चाकं ते काम स्वतः करत असतात. स्टॉपवॉच चालू असताना खालचं बटण नको. आधी थांबवा, मग शून्य. लँडेरॉनवाल्यांचा अपवाद वर सांगितलाच आहे.

घड्याळ अचानक दिवसाला काही मिनिटं पुढे पळायला लागलं तर घाबरू नका, बहुधा चुंबक लागलंय. मोबाइलचं फ्लिप कव्हर, लॅपटॉप, स्पीकर यांच्याजवळ ठेवलं असणार. घड्याळजी यंत्रावर धरून दोन मिनिटांत उतरवतो. आणि पट्टा घेताना शिंगांमधलं अंतर मोजून जा. जुन्या घड्याळांत १८, १९, २० मिलिमीटर असं काहीही निघतं, आणि १९ चा पट्टा पहिल्या दुकानात मिळत नाही.

वापरा तर खरं

तबकडीच्या कडेचे आकडे शोभेचे नसतात. सगळ्यात जास्त दिसतो तो टॅकीमीटर. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर शेजारच्या सीटवर बसलेले असताना (गाडी चालवताना नाही) किलोमीटरच्या पाटीपाशी बटण दाबा, पुढच्या पाटीपाशी थांबवा. काटा ३६ सेकंदांवर असेल तर समोर १०० लिहिलेलं दिसेल. तोच ताशी वेग. मेव्हण्याच्या गाडीचं स्पीडोमीटर जरा जास्तच दाखवतं, हे मी असं सिद्ध केलं. त्याला ते आवडलेलं नाही.

टेलिमीटर असेल तर वळवाच्या पावसात घरातच खिडकीशी बसा. वीज चमकली की सुरू, गडगडाट ऐकू आला की बंद. आवाजाला एक किलोमीटर यायला सुमारे तीन सेकंद लागतात, त्यावर आकडे आखलेले असतात. डॉक्टरांसाठीच्या घड्याळांवर नाडीची पट्टी असते : तीस ठोके मोजायचे आणि थांबवायचं. पंचवीस सेकंद लागले तर ७२. आणि काहीच नसलं तर अंडं उकडा, कुकरच्या शेवटच्या शिट्टीनंतर गॅस बारीक करून दहा मिनिटं मोजा. आमच्याकडे डाळ ६१३९ वर शिजते.

वही ठेवा

घड्याळ कधी घेतलं, कुणी उघडलं, काय बदललं, दिवसाला किती सेकंद पुढे किंवा मागे पडतं, हे लिहून ठेवा. या वयाच्या घड्याळाने दिवसाला वीस-तीस सेकंद इकडेतिकडे केले तर मी तक्रार करत नाही. आकडा हळूहळू वाढत गेला, की सर्व्हिसिंगची वेळ झाली.

तुमच्याआधी इतरांनीही अशी वही ठेवलेली असते, फक्त ती कागदावर नसते. पुढच्या वेळी घड्याळजीने मागचं झाकण उघडलं की ते उलटं करून मागून घ्या आणि भिंगाखाली तिरपं धरा. आतल्या बाजूला सुईने कोरलेली बारीक अक्षरं दिसतील, प्रत्येक दुरुस्तीची एक. माझ्या निळ्या ६१३९ मध्ये तीन आहेत. एक अरबी लिपीत, तारीख वाचता येत नाही. दुसरी इंग्रजीत, ८१ साल. तिसरी काकांनी माझ्यासमोर कोरली : महिना, वर्ष, आणि त्याच्या वर मुंगीएवढा 'श्री'.